कल्पित नावे आणि ओळखीची माणसे : समाजाभ्यासातील एका नैतिक वादाचा इतिहास

१

समाजाचा अभ्यास करणारा संशोधक आणि ज्यांचा अभ्यास व्हावयाचा ती माणसे यांच्यामध्ये एक अलिखित करार असतो. त्याचे एक कलम जवळजवळ सर्वत्र सारखे आढळते. 'तुमचे नाव कोठेही येणार नाही', असे संशोधक सांगतो आणि या शब्दावर विसंबून माणसे आपले घर, आपले कर्ज, आपली भाऊबंदकी, शेजाऱ्यांविषयीची आपली मते त्याच्यापुढे उघडी करतात. पुढे यथाकाल ग्रंथ प्रसिद्ध होतो. त्यात गावाचे नाव बदललेले असते, माणसांची नावेही बदललेली असतात. दिलेला शब्द पाळला गेला, असे संशोधकास प्रामाणिकपणे वाटते. परंतु तो ग्रंथ जेव्हा त्याच गावात वाचला जातो, तेव्हा हे समाधान फार काळ टिकत नाही, असा विसाव्या शतकाचा अनुभव आहे.

मनुष्यावर होणाऱ्या संशोधनाच्या नीतीचा विचार करताना बहुधा प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. येल विद्यापीठात १९६१-६२ साली स्टॅनली मिलग्रॅम याने केलेले आज्ञापालनाचे प्रयोग आणि त्यावर १९६४ साली डायना बॉमरिंड हिने घेतलेले आक्षेप हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेथे प्रश्न होता तो प्रयोग चालू असताना माणसास झालेल्या मानसिक क्लेशाचा. ग्रामाभ्यासातील व वस्तीच्या अभ्यासातील प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. येथे संशोधन चालू असताना कोणासही इजा होत नाही; उलट संशोधक हा बहुतेकांचा स्नेही झालेला असतो. इजा होते ती पुस्तक उघडले जाते त्या दिवशी. आणि तोवर संशोधक गाव सोडून गेलेला असतो. या उशिरा होणाऱ्या इजेविषयी सामाजिक शास्त्रांत जो वाद झाला, त्याचे टप्पे पाहिले म्हणजे 'नाव न छापणे' या उपायाची मर्यादा स्पष्ट होते.

२

कल्पित नावाचा संकेत अमेरिकेतील समाजशास्त्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. रॉबर्ट व हेलन लिंड या दांपत्याचा 'मिडलटाउन' हा ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला. इंडियाना राज्यातील मन्सी हे शहर त्यात या नावाने वावरते. लॉइड वॉर्नर व त्याचे सहकारी यांनी न्यूबरीपोर्ट या शहराचा जो विस्तृत अभ्यास केला, त्यात त्या शहरास 'यांकी सिटी' हे नाव दिलेले होते. ही दोन्ही खरी नावे लवकरच सर्वतोमुखी झाली. न्यूबरीपोर्टशी निकटचा संबंध असलेल्या जॉन मार्क्वांड या कादंबरीकाराने तर १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीत गावाची मोजदाद करावयास आलेल्या मानवशास्त्रज्ञाचेच विडंबन केले.

याहूनही बोधप्रद उदाहरण 'प्लेनव्हिल' या मिसूरी राज्यातील खेड्याचे आहे. कार्ल विदर्स याने १९४५ साली त्या खेड्यावरील ग्रंथ प्रसिद्ध करताना गावाचे नाव तर बदललेच, परंतु स्वतःचेही नाव लपवून 'जेम्स वेस्ट' या नावाने तो छापला. इतकी दक्षता घेऊनही व्हावयाचे ते टळले नाही. आर्ट गॅलहर हा १९५४ साली पुनरभ्यासासाठी त्या खेड्यात गेला, तेव्हा पहिल्या ग्रंथाची आठवण तेथे ताजी होती आणि आपले चित्र अशा रीतीने जगापुढे मांडले गेल्याचा विषादही तितकाच ताजा होता. आधीच्या संशोधकाने दुखावलेल्या लोकांशी पुन्हा विश्वासाचे नाते जोडणे हे दुसऱ्या संशोधकाच्या वाट्यास आले. एकाने केलेल्या वचनभंगाचे, किंवा लोकांना तसा वाटलेल्या कृतीचे, ऋण दुसऱ्याने फेडावयाचे, असा हा प्रकार होता.

महाराष्ट्रातील ग्रामवर्णनाची परंपरा याच काळात निराळ्या वाटेने गेली होती. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ सालचा. त्यात कोणत्याही एका गावाची हकीकत नसून वतनदार, बलुतेदार, कुणबी यांच्या परस्परसंबंधांचे सामान्य चित्र आहे. त्यामुळे तेथे नाव लपविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी १९१७ साली पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत गावाचे नाव उघड आहे. परंतु त्या पाहणीचा मुख्य विषय जमिनीचे तुकडे, उत्पन्न, खर्च व कर्ज हा असल्यामुळे माणूस तेथे कोष्टकातील एक अंक होऊन राहतो. नारायण गोविंद चापेकर यांनी १९३३ साली 'बदलापूर' लिहिले, ते आपल्याच गावाविषयी आणि उघडपणे. आत्रे यांनी गाव सामान्य केला, मॅन यांनी माणूस अंकात विलीन केला, आणि चापेकर यांनी गावकरी या नात्याने लिहिण्याची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. बाहेरून येऊन, गावात राहून, माणसांची अंतरंगे वर्णन करावयाची आणि तरीही ती माणसे अनाम ठेवावयाची, ही अडचण या तिन्ही प्रकारांत नव्हती. ती उद्भवते निकटच्या सहवासावर आधारलेल्या क्षेत्राभ्यासात.

३

या अडचणीचे सर्वांत गाजलेले प्रकरण 'स्प्रिंगडेल'चे होय. न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागातील या लहानशा गावाचे खरे नाव पुढे प्रसिद्ध झाले असले, तरी प्रस्तुत विवेचनास पुस्तकातील नाव पुरेसे आहे. कॉर्नेल विद्यापीठाने १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी तेथे एक मोठा संशोधन-प्रकल्प हाती घेतला. उरी ब्रॉन्फेनब्रेनर हे प्रकल्पाचे संचालक होते. आर्थर व्हिडिच हा तरुण समाजशास्त्रज्ञ क्षेत्रीय कामाचा प्रमुख म्हणून गावातच राहावयास गेला आणि सुमारे अडीच वर्षे तेथे राहिला. अहवालात कोणतीही व्यक्ती ओळखू येणार नाही, असे आश्वासन प्रकल्पाच्या वतीने गावकऱ्यांना देण्यात आले होते.

व्हिडिचने आपला मित्र जोसेफ बेन्समन याच्या सहकार्याने जो ग्रंथ लिहिला, तो प्रकल्पाच्या अधिकृत अहवालाहून अगदी भिन्न होता. बेन्समन हा प्रकल्पाचा सदस्यही नव्हता. 'स्मॉल टाउन इन मास सोसायटी' या नावाने १९५८ साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने तो प्रसिद्ध केला. आपले गाव स्वावलंबी, स्वतंत्र आणि शहरी कृत्रिमतेपासून मुक्त आहे, अशी स्प्रिंगडेलच्या रहिवाशांची समजूत होती. प्रत्यक्षात गावाची शेती, शाळा, राजकारण व करमणूक ही सर्व बाहेरच्या मोठ्या संस्थांच्या निर्णयांवर अवलंबून होती. आणि गावाच्या अंतर्गत कारभाराची सूत्रे निवडून दिलेल्या मंडळांपेक्षा मूठभर व्यक्तींच्या हाती होती. लेखकांनी या मंडळींच्या सत्तेस 'अदृश्य शासन' असे म्हटले. या व्यक्तींना अर्थातच कल्पित नावे दिलेली होती.

परंतु पशुखाद्याच्या गिरणीचा मालक, गावच्या वृत्तपत्राचा संपादक, वकील अशी ज्यांची ओळख व्यवसायावरून होते, त्यांची नावे बदलून काय साधणार? न्यूयॉर्क शहरातील वाचकास त्यातील एकही व्यक्ती ओळखता आली नसती. स्प्रिंगडेलमधील शाळकरी मुलास मात्र प्रत्येक व्यक्ती ओळखता येत होती. पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर ४ जुलैच्या राष्ट्रीय सणाची जी मिरवणूक गावात निघाली, तीत गावकऱ्यांनी आपले उत्तर दिले. मिरवणुकीत पुस्तकाच्या वेष्टनाची मोठी प्रतिकृती होती. तिच्यामागून मुखवटे घातलेले रहिवासी मोटारींतून जात होते आणि त्या मोटारींवर पुस्तकात त्यांना दिलेली कल्पित नावे लिहिलेली होती. सर्वांच्या शेवटी शेणखत पसरण्याचे यंत्र होते आणि त्यातील खतावर ओणवा झालेला ग्रंथकर्त्याचा पुतळा होता.

या मिरवणुकीत विनोद होता, तसा एक नेमका युक्तिवादही होता. कल्पित नावाची पाटी मोटारीवर लावून आत प्रत्यक्ष तोच माणूस बसला, की त्या नावाने काहीच झाकले जात नाही हे निराळे सांगावे लागत नाही. शास्त्रीय नियतकालिकांतील पुढील चर्चेत हाच मुद्दा अनेक पृष्ठे खर्चून मांडण्यात आला.

४

चर्चेस तोंड फोडले ते 'ह्यूमन ऑर्गनायझेशन' या नियतकालिकाचे संपादक विल्यम फूट व्हाइट यांनी. १९५८ सालच्या संपादकीयात त्यांनी या प्रकरणातून निघणारे प्रश्न मांडले. ग्रंथात व्यक्ती ओळखू येऊ द्याव्यात काय? व्यक्तीची सार्वजनिक कृत्ये आणि तिचे खाजगी जीवन यांत भेद करावा काय? ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना छपाईपूर्वी हस्तलिखित दाखवावे काय? आणि अनेकांच्या प्रकल्पातून मिळालेली सामग्री एका सदस्याने स्वतंत्र ग्रंथासाठी वापरली, तर त्याची जबाबदारी कोणावर? यांची उत्तरे ठरविणारा कोणताही सर्वमान्य नियम त्या वेळी नव्हता. उपयोजित मानवशास्त्राच्या संस्थेने १९४९ साली आपली नीतिसंहिता तयार केली होती हे खरे. परंतु व्यवहारातील अशा पेचाचा निकाल तीवरून लागत नव्हता.

पुढील अंकांत दोन्ही पक्षांनी आपले म्हणणे मांडले. ब्रॉन्फेनब्रेनर यांची बाजू वचनाची होती : शब्द प्रकल्पाने दिला होता आणि प्रकल्पातील प्रत्येकजण त्याने बांधलेला होता. व्हिडिच व बेन्समन यांची बाजू शास्त्राची होती : गावातील सत्तेचे स्वरूप सांगावयाचे तर सत्ताधारी व्यक्तींच्या कृती सांगितल्याच पाहिजेत, आणि कोणासही दुखवावयाचे नाही असे ठरविले, तर समाजशास्त्र हे प्रतिष्ठितांच्या स्तुतीचे साधन होऊन बसेल.

दुसरी बाजू सहज झिडकारण्याजोगी नाही, हे त्याच दशकातील एका प्रकरणावरून दिसून येते. जोझेफ फिक्टर हे जेझुइट धर्मगुरू व समाजशास्त्रज्ञ. न्यू ऑर्लिन्स येथील एका कॅथलिक धर्मक्षेत्राचा त्यांनी सखोल अभ्यास केला आणि १९५१ साली 'सदर्न पॅरिश' या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तो वाचून त्या धर्मक्षेत्राच्या प्रमुख धर्मगुरूने तीव्र आक्षेप घेतला. परिणामी पुढील खंड लिहून तयार असतानाही प्रकाशात आले नाहीत. येथे दुखावलेली व्यक्ती दुर्बल नव्हती. प्रकाशन थांबविण्याइतकी ती समर्थ होती. या अनुभवानंतर १९५३ साली फिक्टर यांनी विल्यम कोल्ब यांच्यासह समाजशास्त्रीय लेखनाच्या नैतिक मर्यादांवर लिहिलेला निबंध या विषयावरील आरंभीच्या गंभीर निबंधांपैकी एक होय. स्वतः मुद्रणबंदी सोसलेल्या लेखकाने, सूड म्हणून सर्व काही छापण्याचा हक्क मागितला नाही; कोणाविषयी, किती आणि कोणत्या कारणासाठी लिहावे याचे निकष शोधण्याचा प्रयत्न केला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

स्प्रिंगडेल आणि 'सदर्न पॅरिश' ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली म्हणजे पेचाची दोन टोके दिसतात. एका बाजूस लोकांना न विचारता छापले, म्हणून विश्वास तुटला. दुसऱ्या बाजूस एका समर्थ व्यक्तीचे म्हणणे निर्णायक ठरले, म्हणून ज्ञान अडले. हॉवर्ड बेकर यांनी १९६४ साली या प्रश्नावर लिहिताना असे दाखविले की, हा विरोध केवळ संशोधकाच्या उद्धटपणातून किंवा लोकांच्या अज्ञानातून उत्पन्न होत नाही. ज्या संस्थेत माणूस राहतो ती त्याला एकमेव व आपली वाटते. संशोधकाला ती अनेकांपैकी एक, तुलनेचा एक नमुना वाटते. या दृष्टिभेदामुळे चांगला अभ्यास कोणाला ना कोणाला दुखविणारच. म्हणून जे युक्तिवादास आवश्यक नाही, किंवा ज्यामुळे होणारे दुःख शास्त्राच्या लाभाच्या मानाने फार मोठे आहे, ते छापू नये, असा त्यांचा सल्ला होता. सल्ला शहाणपणाचा आहे. परंतु लाभ व दुःख यांचे माप कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न त्यानेही शिल्लकच राहतो.

५

याच सुमारास मेक्सिकोमध्ये या वादास निराळे वळण लागले. ऑस्कर लुईस यांनी मेक्सिको शहरातील एका गरीब कुटुंबातील पिता व त्याची मुले यांच्या आत्मकथा ध्वनिमुद्रित करून 'द चिल्ड्रन ऑफ सांचेस' हा ग्रंथ १९६१ साली इंग्रजीत प्रसिद्ध केला होता. त्याचे स्पॅनिश रूप १९६४ साली सरकारी आधार असलेल्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने काढले. १९६५ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोच्या भूगोल व संख्याशास्त्र मंडळाने त्याविरुद्ध फिर्याद केली. ग्रंथ अश्लील आहे आणि देशाची बदनामी करणारा आहे, असा आरोप होता. एप्रिलमध्ये सरकारी अभियोक्त्याने तो फेटाळला. परंतु त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्या प्रकाशनसंस्थेचे संचालक आर्नाल्दो ओर्फिला यांना पदावरून दूर करण्यात आले. या कारवाईमागे या ग्रंथाचे प्रकरण होते, असे सर्वत्र मानले गेले.

स्प्रिंगडेलच्या अगदी उलट अशी ही स्थिती होती. 'सांचेस' हे नाव कल्पित होते आणि महानगराच्या गर्दीत ते टिकले. शेजाऱ्यांपलीकडील जगाला कुटुंब सापडले नाही. फिर्यादी हा त्या कुटुंबातील कोणी नव्हता. ती एक विद्वत्संस्था होती आणि अपमान झाला होता तो राष्ट्राचा. दारिद्र्यात जगणाऱ्या माणसांनी स्वतःच्या तोंडून स्वतःची कथा सांगितली, ती परदेशी संशोधकाने छापली, आणि त्यांच्या नावाने दुखावले गेले ते त्यांच्यापेक्षा वरच्या स्तरातील लोक. आक्षेप घेणारा प्रत्येकजण संशोधनाचा विषय झालेल्या माणसांचा प्रतिनिधी असतोच असे नाही, हा धडा या प्रकरणातून मिळतो. नैतिक आक्षेपाचा विचार करताना तो कोण घेत आहे आणि कोणासाठी, हे प्रथम पाहावयास हवे.

६

पुढील दशकात व्यावसायिक संस्थांनी नियम केले. अमेरिकन मानवशास्त्र परिषदेने १९७१ साली स्वीकारलेल्या तत्त्वांत, ज्यांचा अभ्यास करावयाचा त्यांच्याविषयीची जबाबदारी सर्वोपरी मानली. माहिती देणाऱ्याचा अनाम राहण्याचा हक्क त्यात मान्य झाला; आणि त्याचबरोबर, सर्व प्रयत्न करूनही नाव उघड होण्याचा संभव असतो, हे त्याला आधीच सांगावे, असेही त्यात म्हटले होते. १९७४ साली अमेरिकेत संशोधनविषयक कायदा झाला आणि १९७९ सालच्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीविषयी आदर, हितबुद्धी व न्याय ही तीन तत्त्वे मांडली. परंतु या नियमांत मुख्यतः व्यक्तीची संमती डोळ्यांपुढे होती. सगळ्या गावाची अशी जी एक लाज किंवा अब्रू असते, तिची संमती कोण देणार, याचे उत्तर त्यांत नव्हते.

ते नाही हे त्याच १९७९ साली आयर्लंडमध्ये दिसून आले. नॅन्सी शेपर-ह्यूज यांनी १९७४-७५ मध्ये आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका खेड्यात राहून ग्रामीण कुटुंब आणि मनोविकार यांच्या संबंधाचा अभ्यास केला. शेतीवर एकटेच उरलेले अविवाहित पुरुष, मुलांना वाढविण्याची रीत, ओसरत जाणारी वस्ती आणि मनोरुग्णालयांत दाखल होणाऱ्यांचे मोठे प्रमाण यांचा संबंध त्यांनी जोडला. 'बॅलीब्रान' या कल्पित नावाने ते खेडे ग्रंथात आले. ग्रंथाचा गौरव झाला, त्यास मानवशास्त्रातील मार्गारेट मीड पारितोषिक मिळाले. १९८० साली 'आयरिश टाइम्स'चे पत्रकार मायकेल व्हायनी यांनी ते खेडे शोधून काढले आणि तेथील लोकांना काय वाटते ते लिहिले. ग्रंथातील निष्कर्ष खोटे आहेत, असा गावकऱ्यांच्या तक्रारीचा मुख्य रोख नव्हता. एका जाणत्या रहिवाशाच्या आक्षेपाचा आशय लेखिकेने स्वतःच पुढील आवृत्तीच्या प्रस्तावनेत नोंदविला आहे : शास्त्राविषयी तक्रार नाही, परंतु आपले जीवन कोणी उकलून पाहू नये, असे म्हणण्याचा हक्क सामान्य माणसास नाही काय?

शेपर-ह्यूज १९९९ साली त्या खेड्यात परत गेल्या, तेव्हा त्यांना तेथून निघून जाण्यास सांगण्यात आले. वीस वर्षे उलटूनही राग शमला नव्हता. या अनुभवावर २००० साली लिहिलेल्या लेखात त्यांनी कल्पित नावाच्या संकेताविषयीच शंका व्यक्त केली. ज्याचे खरे नाव लिहावयाचे आहे त्याच्याविषयी लिहिताना लेखक शब्द जपून वापरतो. नाव बदलले की ही सावधगिरी शिथिल होते. ज्या साधनाने माणसास संरक्षण द्यावयाचे, तेच साधन लेखकास निर्धास्त करते. या विचाराचे महत्त्व असे की तो संकेताचे समर्थन करीत आलेल्या शास्त्राच्या आतून आलेला आहे.

७

या इतिहासातील आणखी एक योगायोग उल्लेखनीय आहे. १९५८ साली स्प्रिंगडेलचे प्रश्न मांडणारे व्हाइट हे स्वतः एका विख्यात क्षेत्राभ्यासाचे लेखक होते. बॉस्टनमधील इटालियन वस्तीवरील त्यांचा 'स्ट्रीट कॉर्नर सोसायटी' हा ग्रंथ १९४३ साली प्रसिद्ध झाला. त्यात वस्तीचे नाव 'कॉर्नरव्हिल' असे होते आणि त्यांचा प्रमुख साहाय्यकर्ता 'डॉक' या नावाने ओळखला जात असे. १९५५ च्या आवृत्तीस जोडलेल्या परिशिष्टात व्हाइट यांनी आपल्या संशोधनाची कथा सांगितली. डॉकने आपल्या वस्तीत ते पुस्तक वाचले जाऊ नये यासाठी शक्य ते केले, असे त्यात नमूद आहे. त्यामुळे आपल्याला व मित्रांना संकोच वाटेल अशी त्याला धास्ती होती. संशोधनाचा जो खरा सहकारी, त्यालाच ग्रंथ आपल्या माणसांपासून दूर ठेवावासा वाटावा, हे पुरेसे सूचक आहे.

१९९२ साली मारियान बोलेन यांनी त्या वस्तीतील जुन्या रहिवाशांच्या भेटी घेऊन व्हाइट यांच्यावर असा आक्षेप घेतला की, त्यांनी हस्तलिखित त्या रस्त्यावरील मंडळींना दाखविले नाही. व्हाइट यांनी त्यास उत्तर दिले. पुस्तकातील एका व्यक्तीनेही, जी तरुणपणी व्हाइट यांच्याकडून निरीक्षणाचे शिक्षण घेऊन त्यांची साहाय्यक झाली होती, त्याच अंकात त्यांची बाजू घेतली. कोणाचे म्हणणे अधिक ग्राह्य, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. जो प्रश्न व्हाइट यांनी दुसऱ्यांच्या ग्रंथाविषयी १९५८ साली विचारला, तोच सुमारे पस्तीस वर्षांनी त्यांच्या ग्रंथास विचारला गेला. क्षेत्राभ्यासाचा हिशेब संशोधकाला वाटतो त्याहून फार लांबपर्यंत उघडा राहतो.

८

भारतातील ग्रामाभ्यासांत कल्पित नावाचा संकेत बहुतांशी जसाच्या तसा आला. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली म्हैसूरजवळील ज्या गावात राहून अभ्यास केला, ते त्यांच्या लेखनात 'रामपुरा' या नावाने येते. त्यांच्या टिपणांच्या संस्कारित प्रती १९७० साली स्टॅनफर्ड येथे लावण्यात आलेल्या आगीत जळाल्या आणि १९७६ सालचा 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' हा ग्रंथ मुख्यतः स्मृतीच्या आधारे लिहिला गेला. पाटलापासून सामान्य कुणब्यापर्यंत माणसे त्यात हाडामांसाची होऊन येतात. आणि माणूस जितका जिवंत रेखाटला जाईल तितका तो त्याच्या गावात लवकर ओळखला जाईल, हे ओघानेच येते.

गावात लपवावयाचे असते ते कोणापासून, हा प्रश्न जेरल्ड बेरेमन यांच्या अनुभवाने उलगडतो. गढवालमधील 'सिरकांडा' या कल्पित नावाच्या खेड्यात ते १९५७-५८ साली राहिले. त्यांचा पहिला साहाय्यक ब्राह्मण होता. तो आजारी पडल्यावर त्याच्या जागी मुसलमान साहाय्यक आला आणि गावाचे बोलणे बदलले. ब्राह्मणासमोर उच्चवर्णीयांनी झाकून ठेवलेले मांसमद्याचे सेवन नव्या साहाय्यकासमोर झाकले गेले नाही. खालच्या मानलेल्या जातींचे लोकही अधिक मोकळेपणे बोलू लागले. १९६२ साली बेरेमन यांनी हा अनुभव स्वतंत्र पुस्तिकेत मांडला. जातिबद्ध गावात प्रत्येक गट दुसऱ्या गटापुढे एक मुखवटा धारण करतो. संशोधक सर्वांच्या मुखवट्यांमागे पाहतो. आणि पुस्तक लिहिताना एका गटाने विश्वासाने सांगितलेले दुसऱ्या गटाच्या हाती देण्याचा संभव निर्माण करतो. हरिजनवस्तीतील माणसाने जमीनमालकाविषयी सांगितलेली गोष्ट मुंबईतील किंवा लंडनमधील वाचकाला कळली तर काही बिघडत नाही. ती जमीनमालकाला कळली, तर त्या माणसाची मजुरी आणि सुरक्षितता धोक्यात येते. तेथे नाव बदलल्याने काहीही साधत नाही, कारण ती गोष्ट कोण सांगू शकेल हे त्या गावात सर्वांना ठाऊक असते.

भारतात या विषयाचा संघटित विचार बराच उशिरा झाला. मुंबईच्या 'सेहत' या संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, हा त्यातील महत्त्वाचा टप्पा होय. त्यानंतरच्या काळात प्रश्न अधिकच बिकट झाला आहे. १९५८ साली स्प्रिंगडेल ओळखण्यास स्प्रिंगडेलमध्ये राहावे लागे. आता जुनी वृत्तपत्रे, जनगणनेची कोष्टके आणि नकाशे संगणकावर क्षणात चाळता येतात. वर्णनातील दोन-तीन तपशिलांवरून परका वाचकही गाव शोधू शकतो. आणि पूर्वी जे ग्रंथ परभाषेत छापल्यामुळे गावापर्यंत पोचत नसत, ते आता गावातून शिकून विद्यापीठात आलेल्या मुलामुलींच्या वाचनात येतात. अभ्यासाचा विषय झालेल्यांची पुढची पिढी आज त्याच विषयाच्या वर्गात बसलेली असते.

९

या साऱ्या प्रकरणांतून निघणारा निष्कर्ष एवढाच नाही की नावे अधिक कौशल्याने बदलावीत. स्प्रिंगडेल, प्लेनव्हिल व बॅलीब्रान येथील लोकांची तक्रार जगाने ओळखल्याची नव्हती; शेजाऱ्यांनी ओळखल्याची आणि आपल्या जीवनाविषयीचा निर्णय आपल्या पाठीमागे झाल्याची होती. कल्पित नाव परक्यापासून संरक्षण देते. इजा मात्र ओळखीच्या माणसांमध्ये होते. म्हणून 'तुमचे नाव येणार नाही' हे आश्वासन शब्दशः पाळले तरी अर्थाने मोडले जाते. प्रामाणिक आश्वासन याहून कमी आणि याहून कठीण असावयास हवे : परक्यास तुम्ही कळणार नाही, गावास बहुधा कळाल, आणि तुम्ही सांगितलेले कोणाकोणाच्या हाती पडू शकेल, ते आज तुमच्याशी बोलून ठरवू.

राहिला तो हस्तलिखित दाखविण्याचा प्रश्न. येथे वाचण्याचा हक्क आणि छपाई अडविण्याचा हक्क यांत भेद करावयास हवा. फिक्टर यांच्या प्रकरणात दुसरा हक्क प्रत्यक्षात एका समर्थ व्यक्तीच्या हाती गेला आणि ज्ञानाची हानी झाली. स्प्रिंगडेलमध्ये पहिलाही हक्क कोणास मिळाला नाही आणि विश्वासाची हानी झाली. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनी ते छापण्यापूर्वी वाचावे, किंवा वाचता येत नसेल तर ऐकावे. चुका दाखवाव्यात, आक्षेप नोंदवावेत. आणि मतभेद उरला तर तो ग्रंथातच नोंदला जावा. यात लेखकाचे स्वातंत्र्य शाबूत राहते आणि ऐकून घेण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. सत्ताधाऱ्याच्या सार्वजनिक कृतीस या वाचनाने कवच मिळण्याचे कारण नाही; दुर्बळाने खाजगीत सांगितलेल्या गोष्टीस मात्र ते मिळालेच पाहिजे, कारण ती उघड झाल्याची किंमत त्यालाच मोजावी लागते.

या मार्गाने संशोधन मंदावेल, आणि काही ग्रंथ लिहिले जाणारही नाहीत. ही किंमत खरी आहे आणि ती नाकारता येत नाही. परंतु दुसऱ्या मार्गाची किंमतही प्लेनव्हिलमध्ये गेलेल्या गॅलहरने मोजलेली आहे. फरक इतकाच की ती पुढे येणाऱ्या संशोधकाकडून व त्या गावाकडून वसूल होते, मूळ ग्रंथकर्त्याकडून क्वचितच. क्षेत्राभ्यासास निघणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या प्रश्नावलीबरोबर हा हिशेबही मांडून घ्यावा. पुस्तक कोणत्या ग्रंथालयात ठेवले जाईल याचा विचार तो करतोच. ते त्याच गावच्या चावडीवर मोठ्याने वाचले गेले तर काय होईल, याचा विचार लेखणी हाती घेण्यापूर्वी व्हावयास हवा.